दहापैकी तीन

नाशकात माझं भांड्यांचं दुकान आहे. ते मला कोणी दिलेलं नाही. डोक्यावर पाटी घेऊन सिडको, सातपूर, पंचवटी दारोदार फिरले, जुने कपडे घेतले, त्यावर डबे-पातेली दिली, आणि तशीच एक दिवस दुकानाच्या गल्ल्यावर येऊन बसले. त्यामुळे मला लिहिण्यापेक्षा बोलण्याची सवय जास्त, आणि साधं बोलण्यापेक्षा भांडण्याची जास्त.

तरी हे लिहितेय. कॅन्सर हा शब्द ऐकून जे आज कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकावर बसले असतील, त्यांना सांगायचंय की माणूस यातून उठतो, घरी येतो आणि गिऱ्हाइकाशी वादही घालतो. शिवाय माझा एक राग आहे. तो निम्मा विरघळला, निम्मा शिल्लक आहे. शिल्लक आहे तो मी सोडणार नाही, म्हणून तोही इथे मांडते.

औषधांची नावं आणि तपासण्या तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी मला जे झालं तेवढंच सांगणार.

सोबत कोण आहे?

रक्त पडत होतं ते मी मूळव्याध समजून अंगावर काढलं. सणासुदीचा धंदा होता. मग लग्नसराई आली. दुकान सोडून दवाखान्यात कोण जाणार? शेवटी एक दिवस दुकानातच चक्कर येऊन पडले, पितळी घागरींच्या रांगेवर. एकही घागर फुटली नाही, पण आवाज एवढा झाला की अख्खी गल्ली गोळा झाली.

दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, आणि रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी आधी विचारलं, "काकू, सोबत कोण आहे? त्यांना आत बोलवा."

"मीच आहे माझ्यासोबत. बोला."

आमचे हे खाली स्कूटर लावायला गेले होते. डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. म्हणाले, "मोठ्या आतड्याच्या शेवटाला गाठ आहे. ती चांगली नाही."

 सौद्यात काहीही ऐकलं तरी चेहरा हलू द्यायचा नाही, हे अंगात मुरलेलं. मी म्हटलं, "डॉक्टर, शेवटचं काय ते सांगा."

"शेवटचं म्हणजे?"

"म्हणजे घासाघीस करून खाली जे उरतं ते."

ते जरा हसले. मग नीट समजावलं. गाठ काढता येईल. जोडलेलं आतडं भरून येईपर्यंत पोटावर एक पिशवी लावावी लागेल, शौच त्या पिशवीत होईल. मध्ये केमो. सगळं नीट झालं तर दुसरं ऑपरेशन करून पिशवी काढून टाकायची.

"पिशवी वगळून नाही का जमणार?"

"नाही."

"मग केमो तरी अर्धी करा."

"काकू, हा भाजीबाजार नाही."

"सगळा बाजारच असतो डॉक्टर. पाट्या तेवढ्या वेगळ्या असतात."

मी ताठ मानेने बाहेर आले. हे जिना चढून येत होते. "काय म्हणाले?" "गाठ आहे. काढायची आहे." ह्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, घातला, परत काढला. मग म्हणाले, "तू सकाळपासून उपाशी आहेस. मिसळ खाऊ या?"

मिसळीचा पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. थांबेना. मी वाढप्याला जोरात ओरडले, "अरे, एवढं तिखट करतात का? माणसं मारायचीत का?" तो घाबरून दह्याची वाटी घेऊन आला. ह्यांनी ती वाटी मुकाट्याने माझ्याकडे सरकवली. मिसळ तिखट नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

वॉर्ड

दवाखान्याचा दिवस दुकानासारखाच लवकर उघडतो. फरशी पुसणारे मामा, मग चादरी बदलणाऱ्या मावशी, मग बीपी, ताप, मग डॉक्टरांचा राऊंड. राऊंड म्हणजे लग्नाची वरातच. सगळे घाईत, आणि नवरीला कोणी विचारत नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर हरसूलकडची एक बाई होती. तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. ऑपरेशननंतर मला पाणी प्यायला बंदी होती. जीभ टाळ्याला चिकटायची. तिला हे दिसायचं. स्वतःचं सलाईन सांभाळत ती उठायची, सिस्टरला विचारून कापूस ओला करायची आणि माझ्या ओठांवरून फिरवायची.

"लय कोरडं पडलं गं बाई तुझं तोंड."

"तुम्ही उठू नका, टाके तुटतील."

"नाय तुटत. नांगरटीनं नाय तुटले आम्ही."

तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही. तिला सुट्टी मिळून ती घरी गेली तेव्हा मी झोपले होते. उशाशी ओल्या कापसाची वाटी झाकून ठेवलेली होती.

आता दुखण्याचं. भांड्याला पोचा पडला की कारागीर आतून ठोकून तो वर काढतो. ऑपरेशननंतर माझ्या पोटात तसं कोणीतरी ठोकत होतं. खोकला आला की ठोका, कूस बदलली की ठोका, नुसता श्वास घेतला तरी ठोका. वॉर्डात एक तरुण सिस्टर होती, सटाण्याकडची. चुणचुणीत. दर फेरीला यायची आणि एकच प्रश्न विचारायची.

"मावशी, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?"

मी आकडा सांगायची. ती लिहायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. सलाईनमधून ठरलेलं औषध जात होतं. पण त्यावर जास्तीचं इंजेक्शन देता येतं हे मला कोणी सांगितलं नाही, आणि ते मला मिळालंही नाही. शेजारी मिळत होतं, समोर मिळत होतं. मी मात्र तशीच.

हाच माझा राग. घरी आल्यावर मी तो अख्ख्या भांडी बाजाराला ऐकवला. "मला तळमळत ठेवलं. जनावरालासुद्धा कोणी असं ठेवत नाही." जो दुकानात येईल त्याला ऐकवला. चमचा घ्यायला आलेला माणूसही ऐकून गेला.

चकती

आमचे हे भांड्यांवर नावं घालतात. छोटं कोरायचं मशीन घेऊन दुकानाच्या कोपऱ्यात बसतात. डब्यावर 'चि. सौ. कां.' पासून तारखेपर्यंत सगळं इतकं सरळ रेषेत कोरतात की छापल्यासारखं वाटावं.

पोटावर पिशवी चिकटवायची तर आधी एका चकतीला बरोबर मापाचं भोक कापावं लागतं. मोठं झालं तर कातडी सोलते, लहान झालं तर आतड्याला काचतं. दवाखान्यात सिस्टरने हे आमच्या सुनेला, पूनमला, शिकवलं. पूनमने कापलेली चकती वाकडी झाली. हे मागे उभे होते. पुढे आले आणि म्हणाले, "द्या इकडे."

तेव्हापासून ते काम त्यांचंच झालं. खिडकीपाशी उजेडात बसून, चष्मा कपाळावर चढवून, ते चकती कापायचे. माझं पोट कोमट पाण्याने पुसायचे, टिपायचे, चकती बसवायचे आणि वर तळहात ठेवून बसायचे. चकती अंगाच्या उबेने चिकटते म्हणून. मी छताकडे पाहायची. लाज वाटून वाटून किती वाटणार? काही दिवसांनी तीही संपली. फक्त तो तळहात राहिला.

केमोने दुसराच सूड घेतला. तोंडाला सतत कल्हई गेलेल्या पितळेची चव. आणि गार वस्तूला हात लावला की बोटांत झिणझिण्या, चटका बसल्यासारख्या. स्टीलच्या दुकानाची मालकीण, आणि स्टीलला हात लावता येईना! लोकरीचे हातमोजे घालून मी पातेली दाखवायची. गिऱ्हाइकं हसायची. मी त्यांच्यावर खेकसायची.

मग एकदा दुकानातच पिशवी गळली. समोर एक नवरी आणि तिची आई रुखवताची भांडी निवडत होत्या. वास आला. आईने पदर नाकाला लावला. त्या दिवसापासून मी गल्ल्यावर बसणं सोडलं. मागच्या गोदामात, खोक्यांच्या मध्ये बसायला लागले. तिथून ओरडून भाव सांगायची.

केमो संपली. तपासण्या स्वच्छ आल्या. डॉक्टर म्हणाले, "काकू, आतडं छान भरलंय. आता पिशवी काढू."

मी म्हटलं, "नको."

घरात भूकंप झाला. पूनम म्हणाली, "आई, अहो, काढायलाच सांगताहेत ना! लोक वाट बघतात या दिवसाची." मी तिच्यावर अशी ओरडले की ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. "तुझ्या पोटाला भोक पाडलंय का? मग बोलू नकोस." मुलगा आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. हे तेवढे खिडकीत बसून चकती कापत राहिले.

मला मरणाची भीती नव्हती. त्या खाटेवर परत आडवं व्हायची होती. पुन्हा तसं ठोकणं, पुन्हा तशी तळमळ, आणि पुन्हा ती सिस्टर आकडा लिहून निघून जाणार. त्यापेक्षा जन्मभर गोदामात बसेन, असं मी ठरवून टाकलं होतं.

तुम्हाला पदवी, मला काय?

पिशवीच्या तपासणीला गेले होते तेव्हा वैशाली मॅडम भेटल्या. नर्सिंग कॉलेजात शिकवतात, पीएच.डी. करत होत्या. म्हणाल्या, "ताई, ऑपरेशन झालेल्या लोकांच्या गोष्टी मी गोळा करतेय. तुमची सांगाल?"

"गोष्टी? गोष्टींवर डॉक्टर होता येतं?"

"प्रयत्न करतेय."

"मग तुम्हाला पदवी मिळेल. मला काय मिळेल?"

"काहीच नाही."

इतकं सरळ उत्तर मला बाजारात कधी मिळालं नव्हतं. मी जरा सावरून बसले. "त्या सिस्टरचं नाव घालाल?"

"नाही. कोणाचंच नाव घालता येत नाही. तुमचंही नाही."

"मग माझ्या तक्रारीचं काय?"

"तक्रार करायची असेल तर तिची जागा वेगळी आहे, मी दाखवते. त्यासाठी गोष्ट सांगायची गरज नाही. आणि गोष्ट सांगायची नसेल तरी मी जागा दाखवेनच."

मी बऱ्याच जणांना घोळात घेतलंय. ही बाई घोळात येत नव्हती. शेवटी मी माझी एक अट घातली. "तुम्ही माझ्या बोलण्यावर काय लिहिताय ते मला आधी ऐकवायचं. मी हो म्हटलं तरच पुढे."

"ते मी तसंही करणारच होते," त्या म्हणाल्या. म्हणजे त्या सौद्यात मला काहीच मिळालं नव्हतं. तरी मी होकार दिला.

त्या गोदामात आल्या. खोक्यावर बसल्या. मोबाईल रेकॉर्डिंगला लावला आणि म्हणाल्या, "सांगा."

"कुठून सांगू?"

"तुम्हाला सुरुवात वाटेल तिथून."

आणि बघा, मी आजारापासून सुरू केलंच नाही. मी सुरू केलं ते पहिल्या पाटीपासून. उन्हात सातपूरच्या कॉलनीत कसं फिरायची, बायका जुन्या साड्या आणायच्या तेव्हा साडी उजेडावर धरून नाक कसं मुरडायचं, आतून हवी असली तरी. हवं आहे हे चेहऱ्यावर दिसलं की सौदा गेला. मॅडमनी एकदाही "मुद्द्यावर या" म्हटलं नाही. पूनमने चहा आणला, थंड झाला, परत आणला. मी बोलत होते. कोणीतरी इतका वेळ माझं ऐकतंय आणि मध्ये भाव करत नाहीये, हे मला नवीन होतं. शेवटी वॉर्डावर आले तेव्हा माझा घसा बसला होता, तरी त्या सिस्टरला मी पोटभर शिव्या घातल्या. सभ्य शिव्या.

त्या निघाल्या तेव्हा मी विचारलं, "आता ह्याचं तुम्ही करणार काय?"

त्या म्हणाल्या, "पुन्हा पुन्हा ऐकणार. किती लोकांना किती दुखलं हे मोजणारे पुष्कळ आहेत, तेही लागतंच. मी बघते माणूस सांगतो कसं. सुरुवात कुठे करतो, कुठे थांबतो, काय दोनदा सांगतो, काय सांगतच नाही."

"म्हणजे साडी उजेडावर धरून बघणार."

त्या हसल्या. "पण नाक नाही मुरडणार."

तीन

मॅडम पुन्हा गोदामात आल्या तेव्हा हातात टाइप केलेले कागद होते. हेही मशीन घेऊन तिथेच कोपऱ्यात एका डब्यावर नाव घालत होते. मॅडमनी मला आपणहून विचारलं, "ताई, हे इथे बसले तर चालेल ना?" मी म्हटलं, "ते असतात. बोलत नाहीत."

मॅडमनी आधी सांगितलं की मी वॉर्डाचं बोलायला लागले की 'मी' म्हणणं सोडून देते. 'माणसाला असं होतं, माणूस असं करतो' म्हणते. खरंच होतं ते. मला कधी लक्षात आलं नव्हतं. मग म्हणाल्या, "ताई, एक तुकडा ऐकवू? तुमच्याच आवाजातला."

मोबाईलमधून माझा बसलेला आवाज आला. "ती विचारायची किती दुखतंय, मी म्हणायची तीन. पुन्हा यायची, मी म्हणायची तीन. ती लिहायची, जायची. आणि इकडे माणूस टॉवेलचं टोक दातात धरून पडलेलं. त्या टॉवेलला भोकं पडली. सुनेने नंतर फेकून दिला. खाटेच्या कठड्याला धरून धरून हाताला फोड आले…"

मॅडमनी ते बंद केलं. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "तीन दुखलं तर टॉवेलला भोकं पडत नाहीत, ताई. मी हे पुष्कळदा ऐकलं. तीन का म्हणायच्या तुम्ही?"

मी विचारही केला नाही. "अहो, पहिला भाव कोणी खरा सांगतं का?"

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं.  कोपऱ्यातलं कोरायचं मशीन थांबलं.

मग मी जे बोलायला लागले ते सांगणं नव्हतं, शोधणं होतं. मला वाटायचं, आठ म्हटलं तर ते आणखी काहीतरी लावतील. आणखी तपासण्या, आणखी दिवस, आणखी बिल. किंवा म्हणतील ही बाई हरली. तीन म्हणायचं, मग समोरचा म्हणेल, "अहो मावशी, एवढं दिसतंय, तीन कसं? पाच तरी म्हणा." मग मी म्हणेन, बरं, तुमच्या शब्दाखातर सहा. अशा घासाघिशीनेच मी आयुष्यभर खऱ्या भावाला पोचले. मी वाट बघत होते त्या सिस्टरने उलट बोलायची. ती उलट बोललीच नाही. तिने पहिला भाव घेतला आणि सौदा मिटवला.

मला आधी हसू आलं. मग संताप आला. "पण तिला डोळे नव्हते का? आकडा तीन आणि तोंडात टॉवेल! बघायला नको?"

"हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "तेही मी लिहिलंय. तुमच्या रागाइतकंच ठळक. आकडा विचारणं सोपं आहे, त्याच्या मागचं विचारायला वेळ काढावा लागतो, आणि ते आम्ही शिकवत नाही. आणि तुम्ही एकट्या नाही. एका आजोबांनी कमी सांगितलं कारण दाराशी त्यांची बायको उभी होती. एकाला वाटलं, जास्त सांगितलं की आयसीयूत टाकतात."

मी म्हटलं, "बरं. निम्मी चूक माझी, निम्मी तुमच्या लोकांची. त्यापेक्षा एक तोळा जास्त मी घेणार नाही."

"मंजूर," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात कोपऱ्यातून ह्यांचा आवाज आला. "मला माहीत होतं."

आम्ही दोघीही वळलो.

"मी खाटेच्या पायथ्याशीच असायचो," हे म्हणाले. "तुझा हात कठड्यावर पांढरा पडलेला दिसायचा. तू तीन म्हणालीस की मला कळायचं, ते तीन नाही."

"मग तोंड का नाही उघडलं तुम्ही?"

हे डब्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या सौद्यात मी कधी बोललोय?"

 लग्न नवं असताना हे एकदा माझ्याबरोबर पंचवटीत पाटी घेऊन आले होते. एका बाईने आतून जरीची साडी आणली आणि मी नाक मुरडायच्या आधीच हे बोलून गेले, "वा, काय सुंदर साडी आहे!" सौदा तिथेच बुडाला. मी भर रस्त्यात ह्यांना फैलावर घेतलं. "माझ्या सौद्यात पुन्हा तोंड उघडायचं नाही." आणि ह्यांनी ते इतकी वर्षं पाळलं. गिऱ्हाइकासमोर पाळलं, व्यापाऱ्यासमोर पाळलं, आणि माझ्या खाटेपाशीही, माझा हात पांढरा पडताना बघत, पाळलं.

मॅडमनी मोबाईल उलटा करून ठेवला. रेकॉर्डिंग केव्हाच बंद झालं होतं, तरी ठेवला. केमो संपली तरी सुटला नव्हता तो हातमोजा काढून मी ह्यांच्याजवळ गेले. काय करावं कळेना म्हणून डब्यावरचं नाव वाचायला लागले. अर्धंच कोरलेलं होतं.

"अहो," मी म्हटलं, "दुसरं ऑपरेशन करू या. पण या वेळी भाव तुम्ही सांगायचा."

दुसरं ऑपरेशन

पिशवी निघाली. ज्यांची निघायची आहे त्यांना खरं सांगते, पहिले काही आठवडे पोट आपलं ऐकत नाही. संडासच्या जवळपास राहावं लागतं, चिडचिड होते. पण ते दिवसागणिक उतरतं. मी पुन्हा गल्ल्यावर बसले, आणि पूनमला जवळ बसवून भाव करायला शिकवतेय. ती हळवी आहे. साडी आवडली की लगेच दिसतं तिच्या चेहऱ्यावर. पूर्वी मी यावर ओरडले असते. आता म्हणते, असू दे, एखादा सौदा बुडाला तर बुडाला.

पण मला सांगायचाय तो ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. वॉर्ड तोच, आणि सिस्टरही तीच, सटाण्याची. मला ओळखलं तिने. "मावशी, परत आल्या?" तिच्याशी काय बोलावं हे मी ठरवलं नव्हतं. बोलायचं त्राणही नव्हतं. ऑपरेशन पहिल्यापेक्षा लहान, पण आतला कारागीर तोच होता. ठोकत होता.

सिस्टर खाटेपाशी आली. "मावशी, दहापैकी किती दुखतंय?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं ठरवून आले होते, पण सवय जिभेवर बसलेली असते. "चा…" एवढंच बाहेर आलं.

हे स्टुलावरून उठले. ह्यांना चारचौघांत बोलायची सवय नाही. गळा खाकरला, चष्मा नीट केला.

"सिस्टर, ती आता चार म्हणणार आहे. ते धरू नका. मी सांगतो."

सिस्टरने पेन थांबवलं.

"सकाळपासून ती भिंतीकडे तोंड करून आहे. चहा गार आला, ती काही बोलली नाही. मामांनी फरशी पुसताना तिच्या चपला भिजवल्या, ती काही बोलली नाही. त्या पलीकडच्या बाई मोबाईलवर मालिका लावून बसल्यात, केव्हापासून, मोठ्या आवाजात. तरी काही नाही. डॉक्टर तिचं अर्धं ऐकून निघून गेले, तिने हाक मारली नाही." ह्यांचा आवाज बारीक झाला. "एवढ्या वर्षांत ही बाई अर्धा दिवस कोणाशी भांडली नाही असं मी पाहिलं नाही हो. तिला फार दुखतंय."

मी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी उशीवर गेलं, ते मी जाऊ दिलं.

सिस्टरने काही लिहिलं नाही. स्टूल ओढून माझ्याजवळ बसली. कठड्यावरचा माझा हात सोडवून आपल्या हातात घेतला. "मावशी, कुठे दुखतंय ते दाखवा बरं मला." मी दाखवलं. ती उठून गेली, डॉक्टरांशी फोनवर बोलली, आणि इंजेक्शन घेऊन आली.

ठोकणं एकदम थांबलं नाही. आधी लांब गेलं, दोन घरं सोडून कोणी ठोकत असावं तसं. मग गल्लीच्या टोकाला गेलं. मला वाटतं मी जरा झोपले. जागी झाले तेव्हा हे तिथेच होते, माझ्या ओल्या चपला खिडकीत उन्हाला लावत.

मी कूस बदलली. "काय हो, एवढं पाल्हाळ लावायची काय गरज होती? अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. आणि त्या बाईंना म्हणावं, मालिका बघायची तर कानात घालून बघा, दवाखाना आहे हा!"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग दारापर्यंत गेले आणि बाहेर हाक मारून म्हणाले, "सिस्टर, इंजेक्शन लागू पडलं."